जुना रणगाडा, नवा नमुना

पिंपरी-चिंचवडचे नाव निघाले की मोटारी, स्कूटरी आणि त्यांचे सुटे भाग डोळ्यांपुढे येतात. रणगाडा कोणाच्या ध्यानी येत नाही. आणि त्यात नवल नाही, कारण रणगाडे बांधले जातात ते चेन्नईजवळच्या आवडी येथे. परंतु एकदा बांधलेला रणगाडा काळाला पुरा पडावा म्हणून त्याला नवे बळ देण्याची विद्या बऱ्याच अंशी याच टापूच्या शेजारी नांदते आहे. दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेने टी-72 रणगाड्यावरील तोफ उतरवून तेथे 20 मीटरांचा पूल बसविला. सुतारवाडीच्या प्रयोगशाळेने त्याच रणगाड्यासाठी स्फोटक चिलखत सिद्ध केले. दोन पोलादी पत्र्यांमध्ये स्फोटक द्रव्य ठेवायचे आणि शत्रूच्या अस्त्राची धार त्यावर आदळताच पत्रे उडून ती धार मोडावी, अशी ही युक्ती. काट्याने काटा काढण्याचा याहून शब्दशः प्रयोग आम्हांस ठाऊक नाही.

पाषाणच्या संस्थेचे काम तर अधिक लक्षवेधी. 22 सप्टेंबर 2020 रोजी तेव्हाच्या अहमदनगरजवळील के. के. रेंज येथे अर्जुन रणगाड्याच्या 120 मिलिमीटर तोफेतून गोळ्याऐवजी लेसरच्या अनुरोधाने जाणारे क्षेपणास्त्र सुटले आणि त्याने तीन किलोमीटरांवरील लक्ष्य भेदले. याचा पल्ला दीड ते पाच किलोमीटर. सामान्य वाचकाला वाटेल की दूरचे लक्ष्य अवघड. वस्तुतः आकाराच्या बंधनामुळे येथे जवळचे लक्ष्यच अधिक अवघड, आणि 2022 च्या चाचण्यांत दोन्ही टोके तपासली गेली.

आता प्रश्न असा की, जुन्या यंत्राला इतके नवे जोडत गेल्यावर त्या यंत्राचे काय होते? पहिला अर्जुन सुमारे साडेअठ्ठावन टनांचा होता व त्याचे इंजिन 1,400 अश्वशक्तीचे. 72 सुधारणा अंगावर घेऊन ‘मार्क 1ए’ झाला तो 68 टनांच्या घरात. इंजिनाची शक्ती मात्र तीच. म्हणजे टनामागे जवळजवळ 24 अश्वशक्ती होती ती साडेवीसवर आली. टी-72 ची वाट उलट आहे. त्याच्या मूळच्या 780 अश्वशक्तीच्या इंजिनाऐवजी 1,000 चे बसविण्यासाठी 7 मार्च 2025 रोजी रशियाशी 24 कोटी 80 लाख डॉलरांचा करार झाला. हा हिशेब कागदावर मांडणे सोपे. पण वाढलेल्या भाराखाली निलंबन किती दबते, वाळूत पट्टा किती रुततो, हे नमुना बांधून तो चालविल्याखेरीज कळत नाही.

म्हणूनच नमुना नाकारला जाणे ही नामुष्की नव्हे. टी-72 च्या सांगाड्यावर अर्जुनाचा टरेट चढवून ‘कर्ण’ नावाचा रणगाडा या शतकाच्या आरंभी तयार झाला. लष्कराने तो घेतला नाही. ज्याला त्यात बसून लढायचे त्याला नकाराचा हक्क असलाच पाहिजे. 1965 च्या असल उत्तरच्या रणांगणात आपल्या सेंच्युरियनांच्या जोडीने दुसऱ्या महायुद्धातले शर्मनही पॅटन रणगाड्यांसमोर उभे होते. जुने यंत्र घेऊन लढणे म्हणजे काय, हे लष्कराला कोणी शिकवावयास नको.

आमची तक्रार निराळी आहे. ती नकाराविषयी नाही, विलंबाविषयी आहे. सुधारलेल्या अर्जुनाच्या चाचण्या 2012 मध्ये पोखरणच्या वाळूत झाल्या. 118 रणगाड्यांची 7,523 कोटी रुपयांची मागणी आवडीच्या कारखान्याकडे नोंदली गेली ती 23 सप्टेंबर 2021 रोजी. मधली नऊ वर्षे कोणी निव्वळ हातावर हात धरून बसले होते असे आम्ही म्हणत नाही. वजनाविषयी लष्कराचे आक्षेप होते आणि ते पोकळ नव्हते. तथापि नऊ वर्षे हा काळ शास्त्रज्ञाला जितका जाचतो त्याहून अधिक भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकाला जाचेल.

त्याचे गणित पाहा. मोटारीच्या कारखान्याला एकाच मापाचे हजारो नग लागतात. साच्याचा आणि फिक्श्चरचा खर्च त्यांत विरघळून जातो. नमुन्याला चार नग पुरतात, पण साचा तेवढाच लागतो, पोलाद अधिक कठीण असते आणि तपासणी कितीतरी कडक. हा खर्च माणूस पुढच्या मागणीच्या भरवशावर सोसतो. ती वर्षानुवर्षे आली नाही की यंत्र दुसऱ्या कामाला जुंपले जाते आणि ते माप हातात बसलेला कारागीर दुसरीकडे जातो. नंतर मागणी आली तरी मोडलेला हात कोठून आणावयाचा?

यावर उपाय अगदीच अशक्य नाही. नमुन्याच्या चाचण्या चालू असतानाच दहा-वीस संचांची लहानशी मागणी द्यावी. ती पुढे रद्द झाल्यास साच्याचा खर्च सरकारने भरून द्यावा. आणि चाचणीला आरंभ झाल्यावर लष्कराने अटी बदलावयाच्या असतील, तर त्या बदलाची किंमत व लागणारे महिने त्याच कागदावर लिहून मग सही करावी. 118 रणगाड्यांच्या मानाने हा खर्च किती, याचा हिशेब संरक्षण मंत्रालयाने एकदा लोकांपुढे मांडावा.