फोन लावायला सोबत कोण बसेल?

वस्तीत कुणाला ताप आला तर आपण लगेच दवाखान्यात नेतो. पण एखादा मुलगा रात्ररात्र झोपत नाही, पुस्तके मिटून कोपऱ्यात बसून राहतो, तेव्हा म्हणतो, "मन घट्ट कर." सामाजिक कामात आम्ही हे वाक्य वारंवार ऐकले आहे. खरे सांगायचे तर कधीकधी आम्हीही ते बोललो आहोत.

बंगळुरूच्या निमहान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचे आढळले. आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. ही दरी कमी करण्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'टेलि-मानस' सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतात. गरज असल्यास तज्ज्ञांकडे जोडून देतात.

मग मोबाइलवरील ॲपचे काय? संशोधन सांगते की चिंता आणि नैराश्याची लक्षणे त्यांनी काही प्रमाणात कमी होतात. मात्र बरेच जण थोड्याच दिवसांत ॲप उघडणे सोडून देतात. मधूनमधून विचारपूस करणारे माणूस असेल तर परिणाम अधिक चांगला दिसतो. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतला प्रयोग इथे आठवावा. तिथे डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्यग्रस्तांशी सहा ते आठ भेटींत संवाद साधला. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

आपल्या समाजासाठी यात आणखी एक प्रश्न आहे. घर एका खोलीचे, फोन सगळ्यांचा. मग मनातले बोलायचे कुठे? आणि वसतिगृहात आडनावावरून, आरक्षणावरून टोमणे खाणाऱ्या विद्यार्थिनीला कुणी "दुर्लक्ष कर" एवढेच सांगितले, तर दोष तिच्याच मनावर येतो. अपमानाने झालेली जखम हा तिचा कमकुवतपणा नव्हे. तिला समुपदेशनही हवे आणि तक्रार करताना पाठीशी उभी राहणारी माणसेही हवीत.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. विहारात १४४१६ चा फलक लावा. संध्याकाळी तासभर एक खोली फोनवर निवांत बोलण्यासाठी मोकळी ठेवा. एक तरुण आणि एक तरुणी यांना ऐकून घेण्याचे प्रशिक्षण द्या. ऐकलेले बाहेर जाणार नाही, हा नियम कडक पाळा. कुणी जीव देण्याची भाषा करत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. लगेच रुग्णालयात न्या.

मैत्री आणि करुणा आपण वंदनेत रोज उच्चारतो. शेजारच्या मुलाजवळ बसून त्याला फोन लावून देणे, हेही तेच आचरण आहे.

जय भीम!