आठ कप चहा, सत्तर शक्यता

इंग्लंडमधलं रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्र, १९२०चं दशक, चहाची वेळ. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी पुढे केलेला कप शैवालांच्या अभ्यासक म्युरिएल ब्रिस्टल यांनी नाकारला, असा किस्सा सांगतात. आपल्याला आधी दूध ओतून वर चहा घातलेलाच कप आवडतो आणि चवीवरून फरक कळतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यावर बेतलेला प्रयोग फिशर यांनी १९३५ साली ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या पुस्तकात मांडला. कप आठ. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. कोणता कप कधी द्यायचा हे दैवावर सोडायचं. चाखणाऱ्या बाईंनी दूध-आधीचे चार कप वेगळे काढायचे.

चव कळतच नसेल आणि कप अंदाजपंचे उचलले, तर चारही बरोबर येण्याची संभाव्यता किती? दर वेळी निम्मी शक्यता धरली तर उत्तर येतं सोळात एक. ते चूक आहे.

पहिला कप बरोबर निघण्याची शक्यता ४/८. पण उचललेला कप परत रांगेत जात नाही. उरलेल्या सातांत दूध-आधीचे तीनच राहतात, म्हणून पुढची शक्यता ३/७, मग २/६, शेवटी १/५. चारींचा गुणाकार १/७०, म्हणजे जेमतेम १.४ टक्के. नाणं कितीही वेळा उडवा, छापा आणि काटा दोन्ही शिल्लकच असतात; कप मात्र संपत जातात.

मोजक्या रुग्णांवरच्या औषधचाचण्यांत आजही वापरली जाणारी ‘फिशर्स एग्झॅक्ट टेस्ट’ याच हिशेबावर उभी आहे.

आता समजा, चारांतला एक कप चुकला. दूध-आधीच्या चारांतून तीन कप ४ प्रकारे आणि चहा-आधीच्या चारांतून एक कप ४ प्रकारे निवडता येतो. अशा निवडी झाल्या १६. त्यांत अचूक निवड मिळवली की १७/७०, म्हणजे चोवीस टक्क्यांहून जास्त. इतकं यश तर नुसत्या तुक्क्यानेही मिळेल! फिशर पाच टक्क्यांची मर्यादा सोयीची मानत. त्या मापाने आठ कपांत एकही चूक माफ नाही.

उपाय सोपा आहे: कप वाढवायचे. सहा-सहा असे बारा कप मांडले तर निवडीचे ९२४ प्रकार होतात. अचूक एक आणि एका चुकीच्या ३६, मिळून ३७/९२४, म्हणजे चार टक्के. आता जीभ एकदा फसली, तरी बाईंचा दावा टिकतो.