बॅटरी संपली तरी क्लिक चालू!

फिल्म कॅमेऱ्याची क्रेझ परत आलीय, हे आता नव्याने सांगायला नको. ट्रेकच्या प्रत्येक ग्रुपमध्ये गळ्यात जुना कॅमेरा अडकवलेला एक तरी भिडू असतोच. पण सॅक पाठीवर टाकून चार-पाच दिवस भटकणाऱ्यांसाठी ही नुसती स्टाइल नाही. हिमालयातल्या थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते आणि कॅम्पसाइटवर चार्जिंगचा पत्ता नसतो. अशा वेळी स्प्रिंग आणि गिअरवर चालणारा मेकॅनिकल कॅमेरा बिनधास्त क्लिक करतो. प्रश्न एकच, पॉकेटमनीत बसणारा आणि धड चालणारा कॅमेरा शोधायचा कसा?

आधी एकच प्रश्न विचारा

‘सेल काढल्यावर शटर चालतं का?’ दुकानदाराला हे विचारा आणि तिथेच सेल काढून बघा. जुना दिसणारा प्रत्येक कॅमेरा मेकॅनिकल नसतो. रील्समध्ये सगळ्यात जास्त मिरवणारा कॅनन एई-1 सेलशिवाय हलतही नाही. आपल्याकडे अनेक घरांत सापडणारा याशिका इलेक्ट्रो 35 सेल नसताना फक्त 1/500 या एकाच स्पीडवर चालतो. दोन्ही कॅमेरे मस्त आहेत, पण तुमची गरज वेगळी आहे.

मग घ्यायचा कोणता?

पेंटॅक्स के1000 हा विद्यार्थ्यांचा जुना दोस्त. 1976 ते 1997 अशी तब्बल दोन दशकं तो बनत होता. त्यात छोटा सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. पण लेन्ससकट तो पाऊण किलोच्या वर जातो. याशिका एफएक्स-3 सुपर 2000 त्याच्यापेक्षा हलका आणि तितकाच मेकॅनिकल. त्याचं वरचं काळं आवरण बहुतेकदा सोललेलं असतं, तेवढ्यासाठी तो नाकारू नका, उलट भाव पाडून मागा. सोव्हिएत झेनिट-ईला सेल लागतच नाही. दणकट आहे, पण लेन्ससकट जवळपास किलोभर वजन. सॅकमध्ये तेवढं जास्तीचं पाणी नेता येईल, याचाही विचार करा.

हलका हवा तर ऑलिंपस ट्रिप 35 बघा. 1967 साली आलेला हा कॅमेरा लेन्सभोवतीच्या सेलेनियम सेलवर, म्हणजे उजेडावर चालतो. वजन 400 ग्रॅमच्या आसपास. लेन्स हाताने झाकून बटण दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर आली आणि शटर अडलं, तर सेलेनियम जिवंत आहे. भर उजेडातही लाल पट्टीच दिसली, तर पुढे चला.

आजोबांच्या कपाटात अॅग्फा क्लिक 3 सापडला तर? बडोद्यात बनलेला हा कॅमेरा अनेक घरांत होता. पण त्याला 120 ची फिल्म लागते आणि एका रोलवर 12च फोटो येतात.

दुकानात काय बघाल?

मुंबईत चोर बाजार आणि फोर्टातली बोरा बाजारची गल्ली, पुण्यात जुना बाजार, शिवाय ओळखीतली कपाटं. कुठेही गेलात तरी मोबाइलचा टॉर्च हाताशी ठेवा.

* मागचं झाकण उघडा, लेन्समधून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळी दमट हवेतला हा सगळ्यात मोठा शत्रू.
* स्पीड 1 सेकंदावर ठेवून बटण दाबा. शटर अडकलं किंवा रेंगाळलं तर दुरुस्तीचा खर्च धरून चाला.
* झाकणाच्या कडेचा फोम चिकट डांबरासारखा झाला असेल तर आत प्रकाश शिरेल. हे काम मात्र स्वस्तात होतं.
* लिव्हर शेवटपर्यंत ओढा. घसरली किंवा अडकली तर नको.

‘चालू आहे, पण टेस्ट केलेला नाही’ हे वाक्य ऐकलंत की तो बंद आहे असं समजूनच भाव करा.

खरा खर्च पुढेच

कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो, रोल दर वेळी. समजा रोल, डेव्हलपिंग आणि स्कॅन मिळून 1,400 रुपये झाले, तर 36 फोटोंच्या हिशेबाने एक क्लिक जवळपास 39 रुपयांना पडतो. म्हणजे कॅमेऱ्यावर सगळं बजेट उडवलंत, तर तो कपाटातच राहणार. निदान तीन रोलचे पैसे बाजूला काढा आणि उरलेल्यात कॅमेरा शोधा. ते जमत नसेल तर नवा, प्लास्टिकचा कोडॅक एक्टार एच35 आहे. त्यात सेल फक्त फ्लॅशला लागतो आणि एका फ्रेमची जागा दोघांत वाटली जाते, त्यामुळे 36 च्या रोलवर 72 फोटो निघतात. फोटोचा दर्जा साधा, पण खर्च निम्म्यावर.

मीटर बंद? हरकत नाही

‘सनी सिक्स्टीन’ पाठ करा. कडक उन्हात 400 आयएसओची फिल्म असेल तर अॅपर्चर एफ/16 आणि स्पीड 1/500. आभाळ भरून आलं की अॅपर्चर एफ/8 वर आणा.

आणि पहिला रोल कड्यावर नाही, घराजवळच संपवा. तो धुऊन हातात आला, फोटो नीट दिसले, की मगच कॅमेरा सॅकमध्ये टाका. सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि झिपलॉकची पिशवी असू द्या.