पत्रा, पाना आणि स्कॅनर

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गॅरेजबाहेरच्या बाकावर गाड्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते. ‘पूर्वीच्या गाडीच्या पत्र्यावर बुक्की मारली तर आपलाच हात मोडायचा, आताच्या पत्र्याला अंगठा दाबला तरी पोचा पडतो.’ यातला पत्र्याबद्दलचा भाग खरा आहे. जुना पत्रा जाड होता, आणि आजच्या गाडीच्या दाराचा बाहेरचा पत्रा बहुधा पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. मात्र यावरून ‘म्हणून जुनी गाडी मजबूत’ असा जो निकाल लावला जातो, तो तपासून पाहिला पाहिजे. सुदैवाने कुणीतरी तो तपासलाही आहे.

अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालवलेली महामार्ग सुरक्षा संस्था 2009 मध्ये 50 वर्षांची झाली. त्या निमित्ताने तिने 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या समोरासमोर आणून आदळल्या. दोन्हींचा वेग ताशी सुमारे 64 किलोमीटर होता आणि धडक चालकाच्या बाजूने होती. बेल एअर ही जाड पत्र्याची, भरभक्कम दिसणारी गाडी. तिची पुढची काच निखळून पडली, धडकेतच चालकाचे दार उघडले, स्टिअरिंग वर आणि मागे सरकले, चालकाच्या बाजूची सीट जमिनीपासून उचकटली गेली. बाहुल्याचे डोके आधी स्टिअरिंगवर आणि मग टपावर आपटले. माणूस असता तर वाचला नसता. मालिबूतल्या बाहुल्याच्या पायाला किरकोळ इजा झाली असती, एवढेच. पुढे काही जुन्या गाड्यांच्या भक्तांनी बेल एअरचे इंजिन आधीच काढून ठेवले होते, असा आरोप केला. इंजिन जागेवर होते.

हे असे का झाले, याचे गणित शाळेतले आहे. ताशी 64 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 18 मीटर. या वेगातल्या माणसाला थांबायला 20 सेंटिमीटर अंतर मिळाले, तर शरीरावर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या 80 पट भार येतो. तेच अंतर 60 सेंटिमीटर मिळाले की भार 27 पटींवर उतरतो. गाडीचे नाक चुरगळते तेव्हा ते हे जास्तीचे अंतर आतल्या माणसाला मिळवून देत असते. मर्सिडीजमधला अभियंता बेला बारेनी याने ही कल्पना पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मांडली आणि 1959 पासून ती गाड्यांत आली. त्याच वर्षी व्होल्वोच्या निल्स बोलिन याचा तीन टोकांचा पट्टाही आला. पुढचा भाग मुद्दाम मऊ, आणि माणसे बसतात तो पिंजरा मुद्दाम कडक. आज दाराच्या खांबांत तापवून दाबलेले पोलाद वापरतात. त्याची ताणशक्ती 1,500 मेगापास्कलपर्यंत जाते, म्हणजे साध्या पत्र्याच्या चार-पाच पट. अंगठ्याने दबतो तो पत्रा पावसाचे पाणी अडवण्यासाठी आणि रंग लावण्यासाठी असतो. ताकद त्याच्या आत, न दिसणाऱ्या जागी असते. अपघातानंतर गाडीचा चेंदामेंदा पाहून ‘काय तकलादू गाडी’ म्हणणाऱ्याने एकदा आतला माणूस चालत बाहेर आला का, तेवढे विचारावे.

आता आपल्या गाड्यांकडे येऊ. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या आणि मग फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट आली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी. इटलीत हे मॉडेल 1966 मध्ये बंद झाले. कुर्ल्यात ते शतक संपेपर्यंत निघत राहिले. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अ‍ॅम्बेसेडर 2014 पर्यंत काढत होती. लायसन्स राजमध्ये किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवायचे, किमतींवरही सरकारचा हात होता, आणि गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायला तयार होते. ज्या दुकानाबाहेर रांग कायमच लागलेली असते, तिथे दार नीट बसले का हे कोण बघणार?

त्या काळी नवी गाडी घरी आली की मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ लिहिलेले असायचे. सुरुवातीचे काही किलोमीटर गाडी हळू चालवायची, म्हणजे पिस्टन, रिंगा आणि बोअर एकमेकांना घासून नीट बसतील. कारखान्यात जेवढ्या बारकाईने घडवायला हवे होते, त्यातले उरलेले काम मालकाने रस्त्यावर करायचे, असा त्याचा अर्थ. दोन-तीन हजार किलोमीटरला ऑइल बदला, ग्रीसिंग करा, पॉइंट घासा, टॅपेट सेट करा, प्लग काढून तारेच्या ब्रशने साफ करा. थंडीत चोक ओढून इंजिनाची मनधरणी करायची, उन्हाळ्यात खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून रेडिएटर निवायची वाट पाहायची. मे महिन्यात बोरघाटात रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या फियाट आणि त्यांच्या बाजूला पाण्याचे डबे घेऊन उभी असलेली कुटुंबे हा मुंबई-पुणे प्रवासाचा ठरलेला भाग होता. आज त्याच घाटात एसी लावून, पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन आठ-नऊशे सीसीची गाडी न थांबता वर चढते, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

याच काळातल्या मीटरकडेही पाहा. जुन्या बहुतेक गाड्यांच्या मीटरला किलोमीटरचे पाचच आकडे असत. 99,999 नंतर पुन्हा शून्य. एवढे चालण्याआधी इंजिन एकदा तरी खोलावे लागेल, रिंगा बदलाव्या लागतील, बोअर करावा लागेल, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले होते. आज नीट सर्व्हिसिंग केलेली साधी पेट्रोल गाडी इंजिनाला हात न लावता दीड-दोन लाख किलोमीटर जाते. ऑइल बहुतेक ठिकाणी 10,000 किलोमीटरला किंवा वर्षाला एकदा बदलायचे. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांचे सरासरी वय या शतकाच्या सुरुवातीला दहा वर्षांच्या आत होते, 2024 मध्ये ते 12.6 वर्षांवर गेले. नव्या गाड्या महाग झाल्या हे त्याचे एक कारण, पण महागाईमुळे कुणी मोडकी गाडी चालवू शकत नाही. गाडी टिकते म्हणूनच ठेवता येते.

गंजाची गोष्ट तर किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगायलाच नको. जुन्या गाड्यांना प्रायमर फवारून द्यायचे, त्यामुळे दाराच्या आतल्या सांध्यांत, चाकांवरच्या कमानींत, पायाखालच्या पत्र्याच्या घड्यांत तो पोचायचाच नाही. दाराच्या तळाशी पाणी साचले की चार-पाच पावसाळ्यांत रंगाखाली फोड यायचे, आणि नखाने खरवडले तर नख आत जायचे. मग डेंटरकडे नेऊन कुजलेला पत्रा कापायचा, नवा तुकडा जोडायचा, लांबी भरून घासायचे आणि वरून रंग. मुंबईतल्या जुन्या टॅक्सीत पायाखालच्या रबरी चटईखाली काय आहे, ते शक्यतो पाहू नये. हल्ली अख्खा सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि वीज सोडतात. विद्युतभारामुळे प्रायमर प्रत्येक पोकळीत जाऊन चिकटतो, मग सांगाडा भट्टीत भाजतात. या सगळ्यात जाहिरातीत दाखवण्यासारखे काही नाही, म्हणून सनरूफइतके त्याचे कौतुक होत नाही. माझ्या मते गेल्या 40 वर्षांत गाडीत झालेली सगळ्यात मोलाची सुधारणा कोणती, तर ही टाकी.

मग जुन्या गाडीची एवढी कीर्ती का? एक तर जी टिकली तीच आपल्याला दिसते. दक्षिण मुंबईच्या व्हिंटेज रॅलीत चकचकीत गाडी येते, तिच्याबरोबर निघालेल्या आणि केव्हाच भंगारात गेलेल्या गाड्या येत नाहीत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. ती गाडी पुन्हा पुन्हा बिघडायची आणि पुन्हा पुन्हा दुरुस्त व्हायची. पाना, पकड आणि स्क्रूड्रायव्हर असला की झाडाखालचा मेकॅनिक ती चालू करून द्यायचा. पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत मिळायचा, नाहीच मिळाला तर लेथवर करून घेता यायचा. मुंबईत 20 वर्षांच्या वयोमर्यादेमुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली, तेव्हा तिच्या चिवटपणाबद्दल भरभरून लिहिले गेले. त्या चिवटपणात मोठा वाटा मुंबईच्या मिस्त्रींचा होता. आपण दुरुस्तीच्या सोयीलाच मजबुती समजत आलो.

नवी म्हणजे आपोआप चांगली, असेही नाही, हे आपल्याच देशात दिसले. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या अल्टो 800, नॅनो, फिगो, आय10 आणि पोलो या गाड्यांची धडक-चाचणी जाहीर केली. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्याच पोलोला दोन एअरबॅग बसवल्यावर चार तारे मिळाले. म्हणजे ज्ञान होते, कारखाने होते, अभियंते होते. काही हजार रुपये वाचवायचे होते, एवढेच, आणि गिऱ्हाईकही मायलेज विचारून गप्प बसत होते. त्यानंतर मात्र गाडी झपाट्याने पुढे गेली. 2018 च्या डिसेंबरात टाटांच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले, एप्रिल 2019 पासून एबीएस सगळ्या गाड्यांना सक्तीचे झाले, 2022 पासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या झाल्या, आणि ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. दहा वर्षांत एवढा फरक पडला, तो सक्तीने आणि चव्हाट्यावर आलेल्या निकालांनी पडला.

नव्या गाडीचे दोषही नव्या जातीचे आहेत. पूर्वी दोष एका गाडीचा असायचा, आता तो लाखो गाड्यांचा असतो. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधला गॅस भरणारा भाग फुटून धातूचे तुकडे उडू लागले, तेव्हा जगभरच्या कितीतरी ब्रँडच्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या, भारतातल्या होंडाही त्यात होत्या. शहरात दोन-चार किलोमीटर फिरणाऱ्या बीएस-6 डिझेल गाडीचा धुराचा फिल्टर पुरेसा तापतच नाही, काजळीने भरतो आणि मीटरवर दिवा लागतो. पडद्यावर बोट फिरवून एसी कमी-जास्त करायला लावणाऱ्या डिझाइनरला तर एकदा पावसाळ्यात खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी चालवायला द्यायला हवी. आणि उंदीर! जुन्या फियाटमध्ये उंदीर घुसला तर हॉर्नची वायर जायची. आता त्याने एका रात्रीत वायरिंगचा जुडगा कुरतडला की गाडी टो करून न्यावी लागते आणि बिल पाच आकडी येते.

खरा तोटा बिलातच आहे. पूर्वी हेडलाइट गेला की बल्ब बदलायचा, आता एलईडीचा अख्खा दिवाच बदलायला सांगतात. बिघाड शोधायला पाना पुरत नाही, स्कॅनर लागतो, आणि काही पार्ट बसवल्यावर कंपनीच्या सॉफ्टवेअरने ओळख पटवल्याशिवाय चालत नाहीत. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने खुल्या बाजारात सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती अडवून ठेवल्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही आले. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याच्या हातात मात्र अजून फारसे काही पडलेले नाही. गाडी 15 वर्षे टिकेल अशी बनवता येते आणि दहाव्या वर्षी तिचा एक कंट्रोलर मिळत नाही म्हणून ती भंगारात जाते, हा घडणीचा दोष म्हणता येणार नाही. हा धंद्याचा दोष आहे, आणि तो कायद्यानेच सुटेल.

तेव्हा निकाल सरळ आहे. घडण म्हणाल तर आजची साधी छोटी गाडीही कालच्या कुठल्याही फियाट-अ‍ॅम्बेसेडरपेक्षा सरस आहे: टिकायला, चालायला, धूर कमी सोडायला आणि जीव वाचवायला. दुरुस्तीत कालची गाडी पुढे होती आणि ते सुख आपल्याकडून काढून घेतले गेले आहे.

या पाडव्याला गाडी घेणार असाल तर सनरूफ आणि पडद्याची लांबी-रुंदी विचारण्याआधी भारत एनकॅपचे तारे विचारा, आणि ते तुम्ही घेत असलेल्या व्हेरिएंटलाही लागू आहेत का, तेही विचारा. हेडलाइटचा सेट, बंपर आणि पुढची काच यांच्या किमती शोरूममध्येच लिहून घ्या. वॉरंटी किती वर्षांची आणि त्यात इलेक्ट्रॉनिक्स किती, हे छापील कागदावर बघा. आणि मागच्या सीटवर बसाल तेव्हाही पट्टा लावा. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ चारोटीला सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची जी गाडी धडकली, ती मर्सिडीज होती. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले, आणि मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता.