धुऱ्यावरून चाललेले पाय

चामोर्शी तालुक्यात धानाची रोवणी लागली की बांधीच्या वीतभर धुऱ्यावरून बाया डोक्यावर पऱ्ह्यांचा भारा घेऊन झपाझप चालतात. धुरा निसरडा, दोन्हीकडे चिखल. अशी चाळीस पावसाळे चाललेली बाई सत्तरीत अंगणातल्या मोरीपर्यंत जाताना भिंत धरते. महाशिवरात्रीला मार्कंड्याला गेली तरी वैनगंगेच्या पात्रात उतरत नाही, वरच बसते. "पडीन ना मी," म्हणते.

ती एकदा पडलेली असते. कधी तेवढंही नाही, शेजारणीचं खुब्याचं हाड मोडलेलं पाहिलेलं असतं. मग घरचेही मायेनं म्हणतात, "तू बस, उठू नको." मला वाटतं, खरा घात इथूनच सुरू होतो.

आपला तोल डोळे, कानाचा आतला भाग आणि स्नायू-सांध्यांतली जाणीव मिळून सांभाळतात. भीतीनं स्नायू आखडतात, पावलं आखूड पडतात, नजर पायाशी खिळते. त्यात हिंडणं-फिरणं थांबलं की मांड्यांचं बळ ओसरतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटल्यानं हाडं आधीच विरळ झालेली असतात. न पडण्यासाठी बसलेली बाई अशी पडण्याच्या जवळ जाते.

मेरी टिनेटी या अमेरिकन डॉक्टरांनी १९९० मध्ये ही भीती मोजण्याची रीत मांडली. अंघोळ, खाटेवरून उठणं अशी रोजची दहा कामं न पडता करण्याचा किती भरवसा वाटतो, एवढंच त्यात विचारायचं. चामोर्शीत त्याच रीतीनं हापशीवरचं पाणी आणि चुलीपुढून उठणं विचारावं लागेल.

न्यूझीलंडमध्ये १९९७ साली ८० च्या पुढच्या २३३ बायकांवर झालेला अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. घरच्या घरी पायांचा आणि तोलाचा व्यायाम करणाऱ्या बायका कमी पडल्या. २०१९ मध्ये जगभरातल्या १०८ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा व्यायामानं पडणं साधारण २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. भीती मात्र थोडीशीच ओसरते. पाय आधी सावरतात, मन मागून येतं, म्हणून आठ दिवसांत सोडून देऊ नये.

चक्कर येत असेल, नुकतीच पडली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. नाहीतर सुरुवात घरातच होते. हात न टेकता खाटेवरून उठायचं नि बसायचं, पाच-सहा वेळा. दाराची चौकट धरून एका पायावर उभं राहायचं. मग भिंतीकडेनं, एका पावलाच्या बोटांपुढे दुसऱ्याची टाच ठेवत चालायचं, धुऱ्यावर चालायची तसंच. नातीनं हात धरायचा नाही, हाताशी येईल एवढ्या अंतरावर उभं राहायचं.