नीलम घ्यायचाय? आधी उलटा धरा

साडेसाती लागली की घरात पत्रिका निघते, रत्ती ठरते आणि नीलम येतो. मग तो तीन रात्री उशीखाली ठेवायचा आणि कशी स्वप्नं पडतात ते बघायचं. वाईट पडली तर खडा परत! म्हणजे स्वप्नांची कसून तपासणी. ज्याला एवढे पैसे मोजले त्या खड्याकडे मात्र कोणी धड बघतही नाही. तर आज स्वप्नं राहू देत, खडा बघू.

मुळात नीलम म्हणजे काय? स्वयंपाकघरातल्या पातेल्यातलं अ‍ॅल्युमिनियम आणि हवेतला ऑक्सिजन. बस्स. या खनिजाचं नाव कुरुंद. इंग्रजांचं ‘कोरंडम’ आपल्याच भाषांमधून उचललेलं. शुद्ध कुरुंदाला रंगच नसतो. त्यात लोह आणि टायटॅनियम नखभर शिरलं की निळा, क्रोमियम शिरलं की लाल. म्हणजे नीलम आणि माणिक सख्खी भावंडं. पत्रिकेत मात्र त्यांचे धनी शनी आणि रवी, बापलेक असून एकमेकांचे वैरी. आणि महागड्या मनगटी घड्याळाची ‘सफायर’ काच? प्रयोगशाळेत वाढवलेला बिनरंगी कुरुंदच. ती शनीला चालते का, हे ज्योतिषीबुवांना विचारा.

कागद, खिडकी आणि चिमटा

आता परीक्षा. दुकानाचे झगझगीत दिवे सोडून दिवसाउजेडी खिडकीशी या. कोरा पांढरा कागद पसरा, सुटा खडा चिमट्यात धरा आणि उलटा करा. निसर्गाला रंग सारखा लावायची सवय नाही. निळाई पट्ट्यापट्ट्यांनी येते. कधीकधी तर अख्खा खडा पाण्यासारखा आणि रंग एवढ्याशा ठिपक्यात. मुरलेला कारागीर तो ठिपका नेमका तळाच्या टोकाशी येईल असा खडा घडवतो. प्रकाश आत शिरतो, तळाच्या पैलूंवर आपटतो आणि परत वर येताना तो रंग सगळीकडे घेऊन येतो. वरून बघाल तर कडेपासून कडेपर्यंत निळाशार, आडवा धराल तर कंबरेपाशी पांढराफटक! याला मी लबाडी म्हणणार नाही, ही अस्सल कारागिरी आहे. फक्त भरपेट रंगाचा भाव त्याला देऊ नका.

आता खडा सुलटा करून वर्तमानपत्रावर ठेवा. मधोमध खालची अक्षरं दिसली तर ‘खिडकी’ पडली समजा. तळ उथळ कापलाय, प्रकाश परत येण्याऐवजी आरपार जातोय. याच्या उलट दुखणं म्हणजे सुटलेलं पोट. श्रीलंकेतल्या, म्हणजे सिलोनी खड्यांत ते बरंच दिसतं. वजन वाया जाऊ नये म्हणून खालचा भाग जाडजूड ठेवलेला असतो. कॅरेटमागे पैसे तुम्ही मोजता आणि पोट जातं अंगठीच्या कोंदणात दडून.

वजनाचंच निघालं म्हणून: रत्ती म्हणजे मूळची आपली गुंज. 96 गुंजांचा तोळा, त्या हिशेबाने गुंज भरते साधारण 0.12 ग्रॅम, म्हणजे 0.6 कॅरेट. खड्यांच्या बाजारातली रत्ती मात्र 0.9 कॅरेटच्या आसपास धरतात. गोंधळ नको, वजन कॅरेटमध्येच विचारा. शिवाय नीलम हिऱ्यापेक्षा घट्ट वजनाचा. एक कॅरेटचा नीलम एक कॅरेटच्या हिऱ्याशेजारी ठेवला तर लहान दिसतो.

निळा, पण कुठला?

फार फिका नको आणि शाईसारखा काळाही नको. ऑस्ट्रेलियातले बरेच नीलम या काळेपणापायीच मार खातात. आणखी एक गंमत म्हणजे एकाच खड्यात दोन निळे असतात. एका दिशेने जांभळट, दुसऱ्या दिशेने हिरवट. खडा कोणत्या बाजूने घडवायचा हे कारागिराने चुकवलं (किंवा वजनाच्या मोहाने मुद्दाम चुकवलं) की वरून हिरवी झाक मारते.

सगळ्यांत वरचं पान काश्मिरी नीलमाचं, ज्याला बाजारात मोराच्या मानेवरून मयूरनील म्हणतात. किश्तवाडजवळच्या पाडर खोऱ्यात 1881 च्या सुमारास दरड कोसळली आणि निळे दगड उघडे पडले. चार हजार मीटरहून उंच जागा, बर्फ सरून काम करता येणार ते उन्हाळ्याचे थोडे दिवस. तरी पाच-सहा वर्षांत मुख्य साठा उपसून झाला. त्यातलाच 27.68 कॅरेटचा एक खडा 2015 साली हाँगकाँगच्या लिलावात सुमारे 67 लाख डॉलरला गेला.

पण काश्मिरी नीलम चकाकत नाही! तो मखमलीसारखा, किंचित झोपाळलेला दिसतो, कारण आत अतिसूक्ष्म कण असतात, त्यांच्यावर प्रकाश विखुरतो. म्हणजे आतला ‘दोष’च इथे मोलाचा. हिऱ्याचा ‘एकदम स्वच्छ हवा’ हा हट्ट घेऊन नीलम घ्यायला गेलात तर फसाल. माझं म्हणाल तर मोठा, गडद, स्वस्त आणि आरशासारखा स्वच्छ नीलम दिसला की मी आधी खिसा धरतो.

दहापट भिंगातून बघा. रेशमाच्या धाग्यांसारख्या बारीक सुया साठ अंशांत एकमेकींना छेदताना दिसल्या आणि त्या अखंड असल्या, तर खडा बहुधा भट्टीत गेलेला नाही. कडक तापवल्यावर हे रेशीम विरघळतं आणि रंग खुलतो. श्रीलंकेत ‘गेउडा’ नावाचे दुधट, बिनकामाचे खडे कोणी विचारत नसे. 1970 च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ते मातीमोलाने उचलले, दीड हजार अंशांच्या वर भाजले आणि निळेशार करून जगाला विकले! तापवलेला नीलम खोटा नसतो. पण ‘नो हीट’ खड्याचा भाव कितीतरी पट, म्हणून प्रयोगशाळेच्या सर्टिफिकेटवर ते शब्द शोधा. आणि आतल्या रंगरेषा कमानीसारख्या वाकड्या असतील तर खडा ‘व्हर्नॉय’ नावाच्या पद्धतीने कारखान्यात बनलेला आहे. निसर्गाच्या रेषा सरळ, कोनात वळणाऱ्या.

दुधाची परीक्षा? दुधात टाकल्यावर दूध निळं दिसलं तर नीलम खरा, असं गरुडपुराणापासून चालत आलंय. गडद निळी काच टाकून बघा, तीही पास होईल.

नावावरही जाऊ नका. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातला 563 कॅरेटचा ‘स्टार ऑफ इंडिया’ श्रीलंकेचा आहे. 1964 मध्ये तो चोरीला गेला. चोर उघड्या खिडकीतून आले आणि धोक्याच्या घंटेची बॅटरी संपलेली होती! पुढे तो सापडला मायामीच्या बस स्टेशनातल्या लॉकरमध्ये.

आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधला ‘दिल्ली पर्पल सफायर’. 1857 च्या धामधुमीत कानपूरच्या इंद्राच्या देवळातून लुटलेला, म्हणून शापित, अशी त्याची कथा. मालक एडवर्ड हेरॉन-अ‍ॅलन यांनी लिहून ठेवलं की आपण तो कालव्यात फेकला तरी तीन महिन्यांत परत आला. शेवटी सात पेट्यांत बंद करून बँकेत ठेवला. ज्याच्या हाती पडेल त्याने समुद्रात टाकावा, हा सल्ला सोबत. त्यांच्यामागे 1944 मध्ये तो म्युझियममध्ये आला. तो नीलम नव्हताच. जांभळा स्फटिक, आपला साधा जमुनिया.