तुकड्यांची गोधडी

जीर्ण वस्त्राचा जो भाग अद्याप धड आहे तो वेगळा काढावा आणि तशाच इतर भागांशी जोडून नवे वस्त्र सिद्ध करावे, ही कल्पना भारतात फार प्राचीन आहे. संस्कृतातील ‘कंथा’ या शब्दाचा अर्थच ठिगळांचे वस्त्र असा होतो. बौद्ध भिक्षूंचे चीवरही तुकडे जोडून शिवलेले असे; मगधातील बांध घातलेल्या शेतांसारखी त्याची रचना करण्यास बुद्धाने आनंदाला सांगितले, असे विनयपिटकात म्हटले आहे. महाराष्ट्रात हीच परंपरा गोधडी आणि वाकळ या नावांनी घरोघर टिकून राहिली. ठिगळांचे वस्त्र पांघरून गावोगाव फिरणारे गाडगे महाराज (१८७६–१९५६) ‘गोधडेबुवा’ म्हणूनच ओळखले जात.

अशी गोधडी शिवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत जुने लुगडे तळाला पसरून त्यावर तुकडे ठेवीत जातात व सर्व थर एकदमच धावदोऱ्याने शिवतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया आपली ‘कवंदी’ अशीच, कडेपासून मध्याकडे शिवीत नेतात. दुसऱ्या रीतीत आधी लहान लहान चौकोन पुरे करावयाचे, मग ते एकमेकांना जोडावयाचे आणि शेवटी अस्तर लावावयाचे. सिंध, कच्छ व पश्चिम राजस्थान येथील रल्लीमध्ये तुकडे जोडून वरचा थर आधी तयार करण्याची ही पद्धत आढळते. चौकोन मांडीवर मावत असल्यामुळे काम केव्हाही हाती घेता येते आणि केव्हाही बाजूला ठेवता येते. या रीतीचा मोठा फायदा तो हाच.

सर्वांत सोपा चौकोन नऊ तुकड्यांचा असतो. त्यासाठी जाड पुठ्ठ्याचा ५ सेंटीमीटरचा अचूक चौरस कापून घ्यावा. तो कापडाच्या उलट बाजूवर ठेवून भोवती पेन्सिलीने रेघ ओढावी आणि रेघेबाहेर सर्व बाजूंनी ६ मिलिमीटर कापड सोडून तुकडा कापावा. पुठ्ठ्याची कड कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर असावी. उरेब कापलेला तुकडा शिवताना ताणला जातो व चौकोन वाकडा होतो.

दोन तुकडे सुलट बाजू आत घेऊन एकमेकांवर ठेवावेत. दोन्हींवरील रेघा टाचण्यांनी जुळवाव्यात व रेघेवरूनच बारीक धावदोरा घालावा. आरंभी आणि शेवटी एकेक उलटा टाका घेतला म्हणजे शिवण उसवत नाही. शिवण कापडाच्या कडेपर्यंत न नेता रेघेच्या टोकाशीच थांबवावी. त्यामुळे आतील कापड हव्या त्या बाजूला दुमडता येते आणि चार कोपरे जेथे मिळतात तेथे गाठोडे होत नाही. तीन-तीन तुकड्यांच्या तीन ओळी करून त्या दोन लांब शिवणींनी जोडल्या की १५ सेंटीमीटरचा चौकोन तयार होतो. त्यावर इस्त्री ओढू नये, उचलून दाबावी.

येथे रेघेला एवढे महत्त्व का, हे थोड्या हिशेबाने कळेल. १५० सेंटीमीटर रुंद व २१० सेंटीमीटर लांब गोधडीस १४० चौकोन, म्हणजेच १,२६० तुकडे लागतात. रुंदीत ३० तुकडे येतात. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना शिवण केवळ एक मिलिमीटर आत गेली, तरी गोधडी ६ सेंटीमीटरने अरुंद होते. सगळेच चौकोन सारखे चुकले तर ते निदान एकमेकांना जुळतात. काही चुकले व काही बरोबर आले, तर मात्र ते जुळतच नाहीत. म्हणून प्रत्येक चौकोन पुरा होताच मोजावा.

कापडाची निवडही तितकीच महत्त्वाची होय. जुने कापड उजेडासमोर धरावे. जेथे ते विरळ दिसेल तो भाग टाळावा. नवे सुती कापड आटते, म्हणून ते आधी धुवावे. दोरा सुतीच घ्यावा. दोरा कापडापेक्षा फार बळकट असला तर ताण पडताच कापड फाटते. दोरा तुटला तर शिवण पुन्हा घालता येते, फाटलेले कापड मात्र पूर्ववत होत नाही.

दिल्लीच्या परिसरात या कामास लागणारा माल विपुल आहे. नोएडा, गुडगाव व ओखला येथील तयार कपड्यांच्या कारखान्यांत कापणीनंतर चिंध्यांचे ढीग उरतात. मंगोलपुरीत अशा ‘कतरनां’चा बाजारच भरतो. या मालात सुती व कृत्रिम धाग्यांची सरमिसळ असते. शंका आल्यास एक धागा काढून जाळावा: सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो. १९९९ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ‘गूंज’ या संस्थेने जुन्या कपड्यांपासून सुजनी शिवण्याचे काम स्त्रियांना मिळवून दिले, ते याच परंपरेला धरून होते.

वरील गोधडीत केवळ चौकोन तयार करण्यासाठी ८४० लहान आणि २८० लांब शिवणी घालाव्या लागतात. ते चौकोन जोडणे, थर घालणे आणि सर्व थर एकत्र शिवणे हे काम निराळेच. घरात हे श्रम ‘फावल्या वेळचे’ मानले गेले, त्यामुळे त्यांची किंमत करण्याची सवय समाजाला लागली नाही. गोधडी विकावयास आली की गिऱ्हाईक चिंध्यांचे मोल करते. वस्तुतः चिंध्या जवळजवळ फुकट असतात. मोल असते ते त्या शिवणींचे. ज्याने एक चौकोन तरी स्वतः शिवून पाहिला आहे, त्याला हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही.